कोळशाचा हिशोब मांडणारा माणूस : स्वांते अरहेनिअस

(बी. ए. भाग दोन)

मार्च सरत आला की आमच्या गावामागच्या डोंगरावर रात्री आगीची माळ दिसू लागते. लहानपणी आम्ही भावंडे अंगणात बाजेवर पडून ती माळ पाहत असू. दुरून ती दिवाळीच्या पणत्यांसारखी दिसे आणि आम्हांला मोठी मौज वाटे. ती मौज नसून वणवा आहे, हे पुढे कळले. वणवा लागला की गावातले वनमजूर हिरव्या फांद्या घेऊन डोंगराकडे धावत. दुसऱ्या दिवशी आग कोणी लावली याची चर्चा सुरू होई आणि बोट बहुधा मोहफुले वेचणाऱ्यांकडे जाई. माझी आईही मोहफुले वेचते.

मोहाखालचा पालापाचोळा जाळला म्हणजे जमीन मोकळी होते आणि पहाटे टपकलेली फुले चटकन दिसतात. तेंदूला नवी पालवी भरपूर फुटावी म्हणूनही काही लोक काडी ओढतात. हे खरे आहे व ते लपविण्यात अर्थ नाही. एप्रिल २०२१ मध्ये आपल्या नागझिरा अभयारण्यात वणवा विझविताना तीन वनमजूर होरपळून मरण पावले. मी त्या वेळी शाळेत होते. ती बातमी ऐकल्यापासून आईने मोहाखाली काडी ओढलेली नाही. ती खराट्याने पाला झाडते. वेळ दुप्पट लागतो, पण तिने नेम मोडला नाही.

परंतु माझ्या मनातला प्रश्न मात्र गेला नाही. काडी तर आमच्या आजीच्याही काळात ओढली जात होती. मग गावातली जुनी माणसे आताचा उन्हाळा निराळा आहे, पाला लवकर वाळतो आणि आग पूर्वीसारखी आवरत नाही, असे का सांगतात? सगळा दोष एका काडीचाच असेल काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला एक माणूस भेटला. तो आपल्या जिल्ह्यातला नाही, देशातलाही नाही. शाळेत आम्ल आणि आम्लारीच्या धड्यात आपण सर्वांनी त्याचे नाव पाठ केले आणि परीक्षा संपताच विसरून गेलो. भूगोलाच्या तासाला सरांनी हवामानबदल शिकविताना तेच नाव उच्चारले, तेव्हा मला नवल वाटले. आम्लाचा माणूस हवामानात कसा आला? मग ग्रंथालयात जे मिळाले ते वाचले, जे कळले नाही ते सरांना विचारले. त्यातून हा लेख तयार झाला आहे.

स्वांते अरहेनिअस यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी स्वीडन देशात, उप्साला शहराजवळच्या विक या ठिकाणी झाला. त्यांचे वडील जमिनीची मोजणी करण्याचे आणि जमीनदारीची व्यवस्था पाहण्याचे काम करीत, म्हणजे आपल्या भाषेत मोजणीदार व दिवाणजी. छोटा स्वांते तिसऱ्या वर्षीच आपला आपण वाचायला शिकला. वडील जमाखर्चाच्या वह्या लिहीत बसत, तेव्हा हा शेजारी बसून आकडे न्याहाळी आणि त्यातूनच त्याला बेरीज-वजाबाकी येऊ लागली. हे वाचून मला माझेच दिवस आठवले. तेंदूपत्त्याच्या फडावर सत्तर पानांचा एक पुडा, असे किती पुडे झाले आणि कार्डावर किती लिहिले गेले, हे ताडून पाहण्याचे काम घरात माझ्याकडे असे. हिशोब मीही तिथेच शिकले.

अरहेनिअस जन्मले त्याच १८५९ साली जगात आणखी दोन गोष्टी घडल्या. लंडनमध्ये जॉन टिंडॉल या शास्त्रज्ञाने कोणते वायू उष्णता अडवून धरतात हे उपकरणाने मोजण्यास आरंभ केला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात जमिनीत भोक पाडून खनिज तेल वर काढण्यात यश आले. उष्णता अडविणारा वायू ओळखला गेला आणि ज्या इंधनातून तो पुढे अमाप निघणार होता ते तेलही एकाच वर्षी हाती आले. त्या दोहोंचा संबंध आकड्यांत मांडणारा माणूस त्या वेळी पाळण्यात होता.

१८७६ साली शालेय शिक्षण संपवून अरहेनिअस उप्साला विद्यापीठात दाखल झाले. तेथील शिकवण्याने त्यांचे समाधान झाले नाही. १८८१ साली ते स्टॉकहोमला गेले आणि एरिक एडलुंड या प्राध्यापकांच्या हाताखाली काम करू लागले. मीठ किंवा आम्ल पाण्यात विरघळले की त्या पाण्यातून वीज वाहते. हे का होते, हा त्यांचा विषय होता. १८८४ साली त्यांनी आपला प्रबंध उप्साला विद्यापीठास सादर केला. परीक्षकांना त्यातले नवे विचार पटले नाहीत. प्रबंध नापास झाला नाही एवढेच. श्रेणी इतकी खालची मिळाली की विद्यापीठात अध्यापक होण्याची वाट जवळजवळ बंद झाली.

आपल्यातला एखादा असता तर प्रबंध पेटीत टाकून गावी परतला असता. अरहेनिअस यांनी त्याच्या प्रती युरोपातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांकडे पाठविल्या. रीगा येथील विल्हेल्म ओस्टवाल्ड यांना तो इतका मोलाचा वाटला की ते त्या तरुणाला भेटायला स्वतः उप्सालाला आले. घरच्या लोकांनी नाकारलेल्या मुलाकडे परगावचा मोठा पाहुणा चालत यावा, तसे हे झाले. पुढे अकादमीची प्रवासवृत्ती मिळाली. अरहेनिअस यांनी रीगा, वुर्झबर्ग, ग्राझ आणि ॲमस्टरडॅम येथे नामवंतांबरोबर काम केले. १८८७ साली त्यांचा सिद्धान्त पूर्ण आकाराला आला : पाण्यात विरघळताच मिठाचे कण विद्युतभारित तुकड्यांत, म्हणजे आयनांत, विभागले जातात. खालच्या श्रेणीच्या त्या प्रबंधात ज्या कल्पनेचे बीज होते, तिच्यासाठीच १९०३ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले स्वीडिश नागरिक होत.

१८८९ साली त्यांनी आणखी एक गोष्ट उलगडली. कोणतीही रासायनिक क्रिया सुरू होण्यासाठी आधी थोडी ऊर्जा पुरवावी लागते आणि उष्णता वाढली की क्रियेचा वेग झपाट्याने वाढतो. वाळलेला पाला झाडाखाली महिनोन्महिने पडून असतो, हवेत प्राणवायू असतो, तरी तो आपोआप पेटत नाही. काडी लागते. आणि एकदा पेट घेतला की त्याचीच उष्णता शेजारच्या पानाला पेटविते. अरहेनिअस यांनी हे सूत्र वणव्यासाठी लिहिले नव्हते, पण वणव्याची रीत त्यात बसते.

आता आपण ज्या कामासाठी या माणसाकडे आलो, त्या कामाकडे वळू. १८९१ पासून ते स्टॉकहोमच्या उच्च विद्यालयात शिकवू लागले होते. त्या काळी युरोपातल्या विद्वानांना एका कोड्याने पछाडले होते. एके काळी अर्धा युरोप बर्फाखाली गाडला गेला होता याचे पुरावे मिळाले होते. मग ते हिमयुग आले कसे आणि गेले कसे? हवेतल्या वायूंचे प्रमाण बदलल्याने असे होऊ शकेल काय, हे तपासून पाहण्याचे अरहेनिअस यांनी ठरविले.

पूर्वतयारी इतरांनी करून ठेवली होती. हवा पृथ्वीची उष्णता धरून ठेवते हा विचार फ्रान्सच्या फूरिए यांनी १८२४ साली मांडला होता. अमेरिकेतल्या युनिस फूट या स्त्रीने १८५६ साली काचेच्या नळ्यांत वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कर्बवायू, सर्वांत जास्त तापतो असे दाखविले होते. टिंडॉल यांची मोजमापे होतीच. या सगळ्याचा सारांश साध्या शब्दांत असा : सूर्याचे ऊन हवेतून खाली येते, जमीन तापते आणि ती उष्णता पुन्हा वर जाऊ लागते. कर्बवायू आणि पाण्याची वाफ त्या परतणाऱ्या उष्णतेतला काही भाग अडवितात. पृथ्वीवर जणू एक वाकळ पांघरलेली आहे. ही वाकळ नसती तर सगळी पृथ्वी गोठून गेली असती. प्रश्न असा होता की वाकळ थोडी जाड झाली तर ऊब किती वाढेल?

१८९४ सालच्या अखेरीस अरहेनिअस हिशोबाला बसले. गणकयंत्रे नव्हती, कागद, लेखणी आणि स्वतःचे डोके. अमेरिकेतल्या लँगली यांनी चंद्राकडून येणाऱ्या उष्णतेची मोजमापे घेतली होती, तीच त्यांनी आधाराला घेतली. उत्तरेच्या सत्तराव्या अक्षांशापासून दक्षिणेच्या साठाव्या अक्षांशापर्यंत पट्टे पाडले. प्रत्येक पट्ट्यासाठी चारही ऋतूंचा वेगळा हिशोब केला. हवा तापली की तिच्यात वाफ वाढते आणि ती वाफही आणखी उष्णता अडविते, हेसुद्धा त्यांनी ध्यानात घेतले. हे काम सुमारे वर्षभर चालले. त्याच सुमारास त्यांचा नवा संसारही मोडला. १८९४ साली त्यांनी आपली विद्यार्थिनी सोफिया रुडबेक हिच्याशी विवाह केला होता. १८९५ साली मुलगा झाला आणि १८९६ साली विवाह संपुष्टात आला. घरात असे चालले असताना हा माणूस अक्षांशांचे रकाने भरीत होता.

डिसेंबर १८९५ मध्ये त्यांनी आपला निबंध स्वीडनच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवला आणि एप्रिल १८९६ मध्ये तो इंग्रजीतून प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा होता की हवेतला कर्बवायू दुप्पट झाला तर पृथ्वीचे सरासरी तापमान पाच ते सहा अंशांनी वाढेल आणि तो निम्मा झाला तर चार ते पाच अंशांनी उतरेल. आजचे शास्त्रज्ञ संगणकांच्या साहाय्याने दुपटीला सुमारे तीन अंश हे उत्तर देतात. अरहेनिअस यांचा आकडा मोठा निघाला, परंतु दिशा अचूक होती. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हाताने केलेल्या हिशोबाला ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण कर्बवायू वाढणार कोठून? त्यांचे सहकारी आर्विड हॉगबॉम यांनी या वायूच्या येण्याजाण्याचा जमाखर्च तपासला होता. कारखान्यांतून जळणारा दगडी कोळसा हाही जमेच्या बाजूला एक मोठा आकडा आहे हे त्यांच्या लक्षात आले होते. त्या वेळी सगळ्या जगात वर्षाला सुमारे ५० कोटी टन कोळसा जळत असे. त्या वेगाने हवेत लक्षणीय फरक पडायला तीन हजार वर्षे लागतील, असा अंदाज निघाला. पुढे कोळशाचा वापर झपाट्याने वाढताना पाहून अरहेनिअस यांनी आपल्या १९०८ सालच्या इंग्रजीतल्या पुस्तकात ही मुदत काही शतकांवर आणली.

आणि इथे या चरित्रातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट येते. हिशोब मांडणाऱ्या या माणसाला त्यात धोका दिसलाच नाही. उलट, पृथ्वी थोडी उबदार झाली तर थंड देशांत पिके चांगली येतील आणि पुढच्या पिढ्या सुखी होतील, असे त्यांचे मत होते. स्टॉकहोमच्या हिवाळ्यात बसलेल्या माणसाला असे वाटले तर त्यात नवल ते काय? ज्याला थंडी वाजते तो वाकळीला नावे ठेवीत नाही. परंतु पृथ्वीवर ज्यांच्या अंगावर मेच्या उन्हात सदराही नकोसा होतो, अशीही माणसे राहतात. त्यांचा विचार त्या मतात कोठे नव्हता.

पुढच्या आयुष्यात त्यांना मानसन्मान पुष्कळ मिळाले. १९०५ साली स्टॉकहोमच्या नोबेल संस्थेत त्यांच्यासाठी भौतिकी रसायनाचा विभाग स्थापन झाला आणि अखेरपर्यंत ते त्याचे संचालक राहिले. त्याच वर्षी त्यांनी मारिया योहान्सन यांच्याशी दुसरा विवाह केला व तो संसार सुखाचा झाला. त्यांनी सामान्य वाचकांसाठी लिहिलेली विज्ञानाची पुस्तके अनेक भाषांत गेली. पण चरित्र लिहायचे तर डागही सांगितला पाहिजे. माणसांच्या वंशांत उच्चनीच मानणारी जी चळवळ त्या काळी युरोपात पसरली होती, तिच्या स्वीडनमधील संस्थेशी त्यांचा निकटचा संबंध होता. जिथे जातीने माणूस तोलला जातो अशा देशातल्या मुलीला हे वाचून वाईट वाटते. वायूचा हिशोब इतका निर्मळ मांडणाऱ्या बुद्धीला माणसांचा हिशोब चुकला. २ ऑक्टोबर १९२७ रोजी स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले आणि उप्साला येथे त्यांना मूठमाती देण्यात आली.

त्यांचा तो निबंध मात्र अनेक वर्षे धूळ खात पडला. पुष्कळांना तो चुकीचा वाटला. १९३८ साली इंग्लंडमधील गाय कॅलेंडर यांनी तापमानाच्या जुन्या नोंदी जमवून पृथ्वी खरोखरच तापत आहे असे दाखविले. १९५८ पासून चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर कर्बवायूचे नियमित मोजमाप सुरू केले. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. कारखान्यांचे युग येण्यापूर्वी तो सुमारे २८० होता. आज तो ४२० च्याही पुढे गेला आहे. जगात आता वर्षाला ८०० कोटी टनांहून अधिक कोळसा जळतो. त्यात तेल आणि नैसर्गिक वायू वेगळे. २०२४ साली पृथ्वीचे सरासरी तापमान जुन्या पातळीपेक्षा सुमारे दीड अंशाने अधिक होते. तीन हजार वर्षांचा अंदाज सव्वाशे वर्षांतच ढासळला.

आता आपल्या वणव्याकडे परत येऊ. दीड अंश म्हटले की आपल्याला काहीच वाटत नाही, कारण आपण पंचेचाळीस अंशांचा मे पाहिलेला आहे. पण हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक वाफ सामावून घेऊ शकते. दुसऱ्या शब्दांत, तिची तहान वाढते. पाणी मिळाले नाही तर ती तहान मातीतून, गवतातून, झाडाखालच्या पाल्यातून भागविली जाते. मग पाला कडकडीत होतो आणि पूर्वी जी आग दवाने रात्री मंदावली असती ती पुढे सरकत राहते. काडी माणूसच ओढतो; परंतु त्या काडीचा वणवा किती मोठा होईल हे हवा ठरविते. आणि ती हवा शेकडो कोटी टन कोळशाने व तेलाने तापविलेली आहे. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळाले.

अरहेनिअस यांच्या मायदेशाकडे पाहा. ज्या ऊबेची त्यांनी आशा केली होती ती तिथे आली. २०१४ साली त्यांच्या उप्सालाच्या शेजारच्याच वेस्टमनलंड प्रांतात सुमारे १३ हजार हेक्टर जंगल जळाले. २०१८ च्या उन्हाळ्यात कडक उष्मा आणि दुष्काळ पडून देशभर सुमारे २५ हजार हेक्टर जळाले व स्वीडनला इतर देशांकडून विमाने व माणसे मागवावी लागली. बर्फाच्या देशाची ही गत, तर आपल्या सुक्या पानगळीच्या जंगलाचे काय?

आमच्या घरात एक अडचण आहे, तीही सांगते. माझा मोठा भाऊ तिरोड्याच्या औष्णिक वीज केंद्रात कंत्राटी कामावर जातो. ३३०० मेगावॉटचे ते केंद्र कोळशावर चालते. आई मोह वेचते म्हणून घरात मीठ-मिरची येते आणि भाऊ कोळशाच्या कामावर जातो म्हणून माझी फी भरली जाते. हा लेख मी रात्री दिव्याखाली लिहिते आहे, तो दिवाही बहुधा कोळशाचाच आहे. तेव्हा केंद्राकडे बोट दाखवून मोकळे होणे मला जमणार नाही. मोहवालीकडे बोट दाखवून मोकळे होणे इतरांनाही जमू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

भूगोलात आपण शिकतो की आपल्या देशातला बहुतेक दगडी कोळसा गोंडवन काळातला, म्हणजे पंचवीस कोटी वर्षांच्या आसपासचा किंवा त्याहून जुना. हे गोंडवन नाव आपल्याच गोंडांच्या प्रदेशावरून जगाने घेतले. कोळसा म्हणजे त्या काळचे जंगलच, मातीखाली दबलेले. डोंगरावर जळतो तो यंदाचा पाला. त्याचा कर्बवायू पुढच्या पावसाळ्यांत जंगल पुन्हा उगवले तर झाडे परत घेतात. भट्टीत जळते ते कोट्यवधी वर्षांपूर्वीचे जंगल. त्याचा कर्बवायू परत घेण्याइतकी झाडे आपल्याजवळ नाहीत, आणि आहेत तीही आपण जाळतो आहोत. दोन्ही आगी जंगलाच्याच आहेत. एक दिसते म्हणून तिची चौकशी होते. दुसरी भट्टीच्या आत असते, आणि तिचा कर्बवायू डोळ्यांना दिसत नाही.

विद्यार्थी मित्रहो, अरहेनिअस यांच्याकडून मी दोन गोष्टी घेतल्या. खालची श्रेणी मिळाली म्हणून आपला विचार टाकून देऊ नये, ही पहिली. दुसरी अशी की नुसता हिशोब बरोबर येऊन भागत नाही. त्या हिशोबात कोणाकोणाचे दिवस जमा-खर्ची पडणार आहेत, हेही पाहावे लागते. ते पाहायचे राहून गेले, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांना अरहेनिअस हे नाव कधी ठाऊकही नव्हते.

यंदाही मार्चच्या अखेरीस मी सुट्टीच्या दिवशी पहाटे आईबरोबर मोहाखाली पाला झाडायला जाणार आहे. शेजारच्या दोघी-तिघींनाही यायला सांगितले आहे. आमच्या खराट्याने पृथ्वी थंड होणार नाही हे मला कळते. पण कडक उन्हाळ्यात आपली काडी तरी वाचवावी, आणि शिकून मोठे झाल्यावर त्या दुसऱ्या आगीचा हिशोब मागावा, असे मनात आहे.

नागझिऱ्याची आग विझविताना गेलेल्या त्या तीन वनमजुरांच्या स्मृतीस हा लेख नम्रपणे अर्पण.